अ‍ॅसिड लावा, पण एप्रिलात नको!

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मासिकात चेहऱ्याला काय लावावं यावर लेख? विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातले दोघं हसले. तिसऱ्याने मात्र हळूच विचारलं, "सॅलिसिलिक रोज लावलं तं चालते का बे?" म्हणून लिहितोय.

मित्रांनो, होस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा आणि खिडकीच्या कट्ट्यावर नजर टाका. आमच्या सिनिअर्सच्या काळात तिथे खोबरेल तेलाची बाटली, पावडरचा डबा आणि दात तुटलेला कंगवा असायचा. आता तिथे ड्रॉपर लावलेल्या छोट्या छोट्या बाटल्या दिसतात. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, मँडेलिक, अझेलेइक, हायल्युरोनिक, कोजिक... केमिस्ट्री लॅबच्या कपाटात नसतील एवढी अ‍ॅसिडं मुला-मुलींच्या कट्ट्यांवर आहेत. आणि गंमत म्हणजे लॅबमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडला हात लावताना आपण बाटलीवरची नॉर्मॅलिटी वाचतो, आणि खोलीत ३० टक्क्यांची बाटली मोबाईल बघत बघत तोंडावर ओततो.

माझा या बाटल्यांना विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'हे सगळं पोरींचं काम' असं म्हणणाऱ्यांपैकीही मी नाही. मुरुमांनी भरलेला चेहरा घेऊन कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणं काय असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. माझं म्हणणं एवढंच की या बाटल्यांवरच्या सूचना चंद्रपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नाहीत. इथलं ऊन वेगळं, धूळ वेगळी, आपल्या कातडीचा रंग वेगळा आणि इथले आजारही वेगळे. त्यामुळे निवड इथली बघून करावी लागते.

आधी थोडी फर्स्ट इयरची केमिस्ट्री. (पळू नका, एकच परिच्छेद आहे.) ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा पीकेए ३.८ च्या आसपास आहे. म्हणजे द्रावणाचा पीएच ३.८ असेल तर निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं आणि निम्मं क्षाराच्या रूपात. त्वचेत शिरून काम करतं ते मुख्यतः मोकळं. तोच पीएच ४.८ केला की मोकळं अ‍ॅसिड उरतं जेमतेम ९ टक्के. हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो ना आपण, तेच हे! म्हणजे एका बाटलीवर '१०%' आहे आणि दुसरीवरही '१०%' आहे, पण पहिलीत प्रत्यक्ष कामाचं ५ टक्के आणि दुसरीत १ टक्क्याहून कमी. बाटलीवरचा आकडा बघून 'जास्त टक्के म्हणजे जास्त भारी' असं ठरवणारा भावी इंजिनीअर व्होल्टेज न बघता नुसता करंट मोजतो. ज्या कंपनीने पीएच छापलेलाच नाही तिची बाटली मी तरी घेत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा सांगितली ती अशी: १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ पेक्षा कमी नाही, आणि सोबत उन्हापासून संरक्षण. या तीन अटींमधली तिसरी चंद्रपुरात सगळ्यात अवघड आहे.

कारण ऊन. मे २०१९ मध्ये इथला पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, ब्रह्मपुरीही मागे नव्हतं. जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत आपलं नाव आलं की आपण ती बातमी अभिमानाने फॉरवर्ड करतो, पण त्या उन्हात कातडीचं काय होतं याचा विचार करत नाही. ग्लायकोलिकसारखी अ‍ॅसिडं त्वचेच्या वरच्या मृत पेशींमधली पकड सैल करतात. वरचा थर पातळ होतो, खालचा ताजा थर लवकर उघडा पडतो. अमेरिकेच्या एफडीएने सांगितलेल्या प्रयोगात चार आठवडे असं अ‍ॅसिड लावलेल्या लोकांची त्वचा उन्हाने लाल होण्याची शक्यता १८ टक्क्यांनी वाढली, आणि पेशींना होणारी इजा सरासरी दुप्पट झाली. चांगली गोष्ट अशी की लावणं थांबवल्यावर आठवडाभरात हा फरक गेला. २००५ पासून तिथे अशा बाटल्यांवर उन्हाचा इशारा छापावा असं मार्गदर्शन आहे.

आता आपलं वेळापत्रक बघा. स्नेहसंमेलन जानेवारी-फेब्रुवारीत. त्याआधी आठ दिवस सगळ्यांना चेहरा आठवतो. बाटली मागवली जाते, तीन दिवसांत काही फरक पडत नाही (पडणारच नाही, वरचा थर नव्याने यायलाच सुमारे चार आठवडे लागतात, मुरुमांना दोन-तीन महिने), मग चिडून रोज दोनदा लावणं सुरू होतं. संमेलन संपतं, बाटली उरते आणि ती संपवायची म्हणून मार्च-एप्रिलभर चालू राहते. नेमकी नको तेव्हा! माझ्या रूममेटने मार्चमध्येच ३० टक्क्यांचं लाल द्रावण मागवलं. ते दहा मिनिटांत धुवायचं असतं. हा गाणी ऐकत पडून राहिला, चांगला अर्धा तास. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईकवर बल्लारपूरला. आठवडाभराने दोन्ही गालांवर भाजल्यासारखे तपकिरी चट्टे उमटले. मेसमध्ये जो तो विचारायचा, "काय झालं बे तुह्या तोंडाले?" ते चट्टे जायला पुढचं सेमिस्टर उजाडलं. २०२४ मध्ये एफडीएनेही अशी कडक पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊन लावू नका असं सांगितलं, पण आपल्याकडे ती घरपोच येतात.

इथे आपल्या रंगाचा मुद्दा येतो. गोऱ्या कातडीला अ‍ॅसिड लागलं तर ती लाल होते आणि उतरते. आपल्या सावळ्या कातडीची जळजळ झाली की ती रंगद्रव्य तयार करून उत्तर देते, आणि लाली गेल्यावर काळा डाग मागे राहतो. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या अ‍ॅसिडानेच नवा डाग! 'थोडं झोंबलं म्हणजे काम चालू आहे' ही होस्टेलमधली समजूत आपल्यासाठी साफ चुकीची आहे. किंचित चुणचुण ठीक, जळजळ नाही.

मग घ्यायचं कोणतं? माझं मत सांगतो. तेलकट चेहरा, नाकावर ब्लॅकहेड, कपाळावर बारीक पुरळ, म्हणजे थोडक्यात निम्मं होस्टेल, यांच्यासाठी सॅलिसिलिक. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं. ग्लायकोलिक पाण्यातलं, ते वरवर काम करतं. घरच्या वापराला ०.५ ते २ टक्के पुरे. नवशिक्याने तर धुवून टाकायच्या फेसवॉशपासूनच सुरुवात करावी. ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये, दोघं एकाच घराण्यातले. सॅलिसिलिक हे काही कालचं फॅडही नाही. गावाकडे गजकर्णावर मिळणारं व्हिटफिल्डचं मलम म्हणजे ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक. पायातल्या कुरुपावर लावायच्या पट्टीतही हेच, आणि तेही ४० टक्क्यांच्या घरात! म्हणून ती पट्टी तळपायाच्या जाड कातडीसाठी असते. चेहऱ्यावरच्या तिळाला ती लावून बघणारे महाभाग आमच्या विंगमध्ये होऊन गेलेत.

मुरूम गेले पण काळे डाग उरले, त्यांच्यासाठी मी अझेलेइकला सगळ्यात वरचा नंबर देईन. नाव अवघड आहे, जाहिरात कमी आहे, पण मेडिकलमध्ये १० आणि २० टक्क्यांची साधी ट्यूब मिळते. मुरुमांचे जंतू, बंद छिद्रं आणि डाग या तिन्हींवर काम करतं आणि उन्हाची भीती ग्लायकोलिकएवढी वाढवत नाही. सुरुवातीला थोडी खाज येते, एवढंच. ज्यांना ग्लायकोलिकचा हट्टच आहे त्यांनी आधी लॅक्टिक किंवा मँडेलिक बघावं. ग्लायकोलिकचा रेणूभार ७६, लॅक्टिकचा ९०, मँडेलिकचा १५२. रेणू मोठा तर तो सावकाश शिरतो, झोंबतोही कमी. हायल्युरोनिक नावाला अ‍ॅसिड आहे, ते साल काढत नाही, पाणी धरून ठेवतं. त्याला घाबरायचं कारण नाही आणि त्याच्याकडून मुरुमांची अपेक्षाही ठेवायची नाही. व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं सिरम महाग असतं आणि आपल्या टेरेसखालच्या खोलीत मे महिन्यात ते कोऱ्या चहासारखं लाल होऊन बसतं. तसं झालं की फेकून द्या. मी तर म्हणतो, उन्हाळ्यात ते घेऊच नका.

एका वेळी एकच अ‍ॅसिड. आठवड्यातून दोन रात्री. आधी कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन-तीन दिवस वाट बघा. दाढी केली त्या रात्री नाही. (मुलांनो, निम्म्या तक्रारी इथूनच येतात.) झोंबलं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. सोडा लावून 'न्यूट्रलाईझ' करायला जाऊ नका, लॅबमध्येही अंगावर अ‍ॅसिड सांडलं तर आधी नळाखालीच धरायला सांगतात. आणि कपडे धुवायच्या साबणाच्या तुकड्याने तोंड धुणं बंद करा. कातडीचा स्वतःचा पीएच ५ च्या आसपास, साबणाचा ९-१०. सकाळी साबणाने सोलायचं आणि रात्री अ‍ॅसिडने!

सुरुवात करायची तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. होळी आली की ग्लायकोलिकची बाटली कपाटात. उन्हाळ्यात फार तर सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि अझेलेइक. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं, दोन बोटं भरून, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खर्च वाढतो हे मला माहीत आहे. पण माझा हिशेब सरळ आहे: सनस्क्रीन परवडत नसेल तर अ‍ॅसिडही परवडत नाही. त्या पैशात आधी सनस्क्रीन घ्या. आणि त्यावर आपला दुपट्टा बांधा. तोंडाला दुपट्टा गुंडाळून जाणाऱ्यांकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे बघतच राहतात, पण आपल्याकडचं हे सगळ्यात स्वस्त तंत्रज्ञान आहे आणि घामाने ते वाहूनही जात नाही.

धुळीबद्दल एक गैरसमज. दुर्गापूरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने... केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत वरच्या नंबरांवर होतं. संध्याकाळी रुमालाने तोंड पुसलं की रुमाल काळा होतो, आणि आपल्याला वाटतं ही काजळी आत बसली, ती अ‍ॅसिडनेच निघेल. ती वरच बसलेली असते. सौम्य फेसवॉश आणि पाणी, एवढ्याने जाते. ब्लॅकहेडचा काळा रंगही धुळीचा नसतो, छिद्रातल्या मळाचं आणि रंगद्रव्याचं हवेत ऑक्सिडेशन होऊन तो येतो.

'मग नैसर्गिक लावतो ना!' हा पुढचा युक्तिवाद. मी धानोरा तालुक्यातला, जंगलातलाच म्हणा ना, त्यामुळे यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, म्हणजे बाजारातल्या कुठल्याही शहाण्या बाटलीपेक्षा कडक. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हात कातडीवर फोड आणि काळे पट्टे आणतात. दही-बेसन त्यामानाने गरीब, दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिडच असतं आणि तेही बेताचं. पण 'जंगलातलं म्हणजे सौम्य' असं ज्याला वाटतं त्याने बिबा बघावा. आमच्याकडे काटा रुतला, भेग पडली की बिब्याचं तेल लावणारी माणसं अजून आहेत. कपड्यावर कधी न जाणारी काळी खूण करायला धोबी जो वापरतात तोच हा बिबा. तो उतला की कातडीवर फोड येतात आणि डाग वर्षानुवर्षं राहतो. शुद्ध नैसर्गिक!

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला ती. अनेकांना मुरूम घालवायचे नसतात, त्यांना गोरं व्हायचं असतं. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडून आलेल्या पोरा-पोरींना पहिल्याच वर्षी कोणी ना कोणी रंगावरून बोलतो. 'गंमत' म्हणून. त्या गंमतीचा शेवट मेडिकलच्या काउंटरवर होतो. तिथे 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून जे हातात पडतं त्यात बरेचदा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, एक स्टिरॉईड आणि ट्रेटिनॉइन. हे ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनोइक अ‍ॅसिड! ते डॉक्टरने मोजून द्यायचं औषध आहे, गरोदर बाईने तर त्यापासून लांबच राहायचं. अशी ट्यूब लावली की पंधरा दिवस चेहरा खरंच उजळतो. मग थांबवली की लाल होतो, पुरळ येतं, म्हणून पुन्हा लावायची, असं महिनोन्महिने चालतं आणि कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागतात. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर चिठ्ठी किती जण मागतात हे तुम्हीच बघा.

याहून वाईटही घडलंय, आणि ते आपल्याच विदर्भात. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडन्या एका स्थानिक गोरेपणाच्या क्रीममुळे बिघडल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, क्रीममध्ये पारा सापडला. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पाऱ्याला जवळजवळ जागाच ठेवलेली नाही, नकळत आलेला असला तरी दहा लाखांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांत तेवढा जास्त. पण बिनलेबलाच्या डबीला नियम कोण वाचून दाखवणार? त्याच २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललं, गिऱ्हाईक तेच. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, अझेलेइक, यातलं एकही अ‍ॅसिड जन्मजात रंग बदलत नाही. डाग फिके करतं, बस्स. तेंदूपत्त्याच्या हंगामात दिवसभर उन्हात राबणाऱ्या माझ्या आईचा रंग तिच्या कातडीने तिला वाचवण्यासाठीच दिलेला आहे.

आणि एक डाग असा आहे ज्याला कुठलंच अ‍ॅसिड लावायचं नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, न खाजणारा, न दुखणारा, आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचे रुग्ण राज्यात ज्या जिल्ह्यांत जास्त सापडत आलेत त्यांत आपले दोन्ही जिल्हे आहेत. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं ते उगाच नाही. आज एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की आजार पूर्ण बरा होतो. पण 'शिबं असेल' म्हणत कोणी सहा महिने त्यावर सॅलिसिलिक चोळत बसला तर तेवढ्यात नस जाऊ शकते. आणि नस परत येत नाही. शिबं असलं तरी डॉक्टर दोन मिनिटांत सांगतील, त्यात लाज कसली?

जाता जाता होस्टेलमधल्या खऱ्या अ‍ॅसिडबद्दल. आपल्याकडे नुसतं 'अ‍ॅसिड' म्हटलं की बाथरूम धुवायचं हायड्रोक्लोरिक, आणि ते वापरतात आपल्या मावशी, उघड्या हातांनी. त्यांच्या बोटांची सालं निघालेली मी बघितलीत. त्यावर पुन्हा ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन सुटतो, हे बारावीला शिकलेलो आपण त्यांना सांगत नाही. त्यांच्या टाचांच्या भेगांना युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं क्रीम खरंच उपयोगी पडेल, आपल्या कपाळापेक्षा जास्त. पण त्याआधी हातमोजे हवेत. दोन्ही होस्टेलच्या सफाईच्या मावशी आणि काका मिळून अकरा जण आहेत. रबरी हातमोज्यांचे अकरा जोड आणि अ‍ॅसिडच्या जागी साधा क्लीनर, अशी मागणी आम्ही मेस कमिटीतर्फे रेक्टर सरांकडे लेखी दिली आहे. सोबत दुसरीही एक: दरवर्षी नव्या मुलांच्या ओळख-कार्यक्रमात एक तास त्वचारोगतज्ज्ञांसाठी ठेवावा, आणि तो ऑगस्टमध्येच ठेवावा, बाटल्या मागवायच्या आधी.